चाईच्या इंजेक्शनामागचा डॉक्टर

आष्टी तालुक्यातील कड्यात दाढी-कटिंगला बसलेल्या माणसाच्या डोक्यावर रुपयाएवढी गुळगुळीत जागा दिसली, की चाई पडली असे म्हणतात. किड्याने केस खाल्ले, असाही समज असतो. प्रत्यक्षात शरीराच्या संरक्षक पेशीच केसांच्या मुळांवर उलटतात. त्यांना आवरण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ त्या जागेत बारीक सुईने स्टेरॉइड टोचतात. या औषधांच्या घराण्याची सुरुवात डॉ. फिलिप हेंच यांच्या कामापाशी जाते.

हेंच यांचा जन्म १८९६ साली अमेरिकेतील पिट्सबर्गचा. १९२३ मध्ये ते रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमध्ये आले आणि आमवाताच्या रुग्णांत रमले. १९२९ साली त्यांच्या एका रुग्णाला कावीळ झाली आणि सांध्यांचे दुखणे थांबले. पुढे गरोदरपणातही काही स्त्रियांना असाच आराम पडलेला त्यांना दिसला. शरीरातच काहीतरी औषध तयार होत असावे, हा विचार त्यांनी सोडला नाही. त्यांचे सहकारी एडवर्ड केंडल यांनी मूत्रपिंडावरील ग्रंथींतून एक द्रव्य वेगळे केले होते. तेच वापरून पाहावे असे १९४१ मध्ये ठरले. पण पुरेसे द्रव्य मिळायला आणखी सात वर्षे गेली.

२१ सप्टेंबर १९४८ रोजी २९ वर्षांच्या, आमवाताने जखडलेल्या स्त्रीला पहिले इंजेक्शन दिले. आठवड्याभरात ती बाजारात हिंडून आली. तरी हेंच हुरळले नाहीत. काही रुग्णांना त्यांनी न सांगता कॉर्टिझोनऐवजी तसेच दिसणारे कोलेस्टेरॉल टोचले. त्याने गुण आला नाही. गुण औषधाचा की मनाचा, हे त्यातून कळले. १९५० साली केंडल आणि राइखश्टाइन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळाले.

पण औषध बंद करताच दुखणे परते. मोठ्या मात्रेने चेहरा सुजे, काहींचे मनही बिघडे. हे आजार मुळापासून घालवणारे औषध नाही, हे हेंच सांगत राहिले. १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले.

चाईवर ही इंजेक्शने १९५० च्या दशकातच सुरू झाली. आता मात्रा अगदी थोडी, फक्त त्या जागेपुरती असते आणि साधारण चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा देतात. कातडीला खळगा पडू शकतो. नवी चाई पडणे त्याने थांबत नाही. लहान चाई पुष्कळदा आपोआपही भरते, म्हणून लसूण चोळणाऱ्यालाही यश मिळाल्यासारखे वाटते. एका माणसाचे केस आले, एवढ्यावरून औषध सिद्ध होत नाही. औषध टोचलेली जागा न टोचलेल्या जागेशी ताडून पाहावी लागते. हेंच यांनी सांध्यांच्या बाबतीत तेच केले होते.