खानावळीतला शेरलॉक : जॉर्ज हेवेशी

काल उरलेली भाजी आज कटलेट होऊन ताटात येते, ही शंका हॉस्टेलमधल्या प्रत्येकाला कधी ना कधी येतेच. पण शंका सिद्ध करणारा एकच! १९११ साली मँचेस्टरमध्ये राहणाऱ्या एका हंगेरियन तरुणाने उरलेल्या मांसात किंचित किरणोत्सारी पदार्थ मिसळला. काही दिवसांनी घरमालकीणबाईंनी वाढलेल्या पदार्थाजवळ इलेक्ट्रोस्कोप धरला आणि चोरी पकडली. (आपण हा प्रयोग करू नये, हे वेगळं सांगायला नकोच!)

हेच जॉर्ज हेवेशी. जन्म १ ऑगस्ट १८८५, बुडापेस्ट. मला त्यांचं चरित्र आवडतं, कारण त्याची सुरुवात चक्क अपयशाने होते. रदरफोर्डनी त्यांना शिशात मिसळलेलं रेडियम-डी वेगळं काढायला सांगितलं. हेवेशींनी जंग जंग पछाडलं, पण जमलं नाही. जमणार तरी कसं? रेडियम-डी हे शिशाचंच किरणोत्सारी रूप होतं! दुसरा कुणी असता तर नाद सोडून दिला असता. हेवेशींनी प्रश्नच उलटा केला. वेगळं होत नाही ना, मग शिसं जिथे जाईल तिथे हेही जाणार. म्हणजे हा झाला शिशाच्या पाठीमागे लावलेला गुप्तहेर! यालाच आज आपण ट्रेसर म्हणतो.

पुढची वाटचाल पायरीपायरीने झाली. १९२३ मध्ये घेवड्यासारख्या शेंगांच्या रोपांत शिसं कसं फिरतं ते पाहिलं, १९२४ मध्ये सशांवर प्रयोग झाले. १९३४ मध्ये अमेरिकेतल्या युरींकडून मिळालेलं जड पाणी ते स्वतः प्यायले आणि शरीरातलं निम्मं पाणी सुमारे ९ दिवसांत बदलतं हे दाखवलं. १९३५ मध्ये उंदरांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला. तोपर्यंत हाड म्हणजे एकदा ओतलेलं काँक्रीट, अशीच समजूत होती. पण हाडातला फॉस्फरस सतत बदलत असतो, हे कळलं. पुढे सशांच्या रक्तपेशींना अशीच खूण लावून रक्ताचं प्रमाण मोजलं, आणि मग तीच पद्धत माणसांपर्यंत पोचली.

पण हा फॉस्फरस यायचा कुठून? इथेच मला खरी गोष्ट सापडते. १९३५ मध्ये नील्स बोर यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला डेन्मार्कमध्ये वर्गणी काढून ०.६ ग्रॅम रेडियम घेतलं गेलं. ते हेवेशींच्या कामी आलं. पुढे बर्कलीहून लॉरेन्स आपल्या सायक्लोट्रॉनमध्ये तयार झालेला फॉस्फरस चक्क टपालाने पाठवू लागले. या फॉस्फरसचं अर्धायुष्य सुमारे १४ दिवस. कपाटात कुलूप लावून ठेवला तर तो तिथेच संपणार! म्हणजे वाटून घेणं हा नुसता मनाचा मोठेपणा नव्हता, काम होण्याची तीच एक वाट होती.

काळ मात्र कठीण होता. ज्यू वंशाचे म्हणून १९३४ मध्ये त्यांना जर्मनीतलं फ्रायबुर्ग सोडावं लागलं. १९४० मध्ये नाझी फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या, तेव्हा लाउए आणि फ्रांक यांची सोन्याची नोबेल पदकं त्यांनी अॅक्वा रेजियात विरघळवून लपवली! १९४३ मध्ये ते स्वीडनला निसटले. त्याच वर्षाचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना १९४४ मध्ये जाहीर झालं. १९६६ मध्ये त्यांचं निधन झालं.

हेवेशींकडे चित्र नव्हतं, होते फक्त काउंटरवरचे आकडे. आज गॅमा कॅमेरा आणि पेट स्कॅन त्याच आकड्यांचं चित्र करतात. १९७६ मध्ये पेट स्कॅनचं एफडीजी हे द्रव्य माणसाला पहिल्यांदा दिलं गेलं, तेही आधी प्राण्यांवर पाहून. ते बनलं ब्रुकहेवनला आणि विमानाने गेलं फिलाडेल्फियाला. त्यातल्या फ्लोरिनचं अर्धायुष्य तर जेमतेम ११० मिनिटं! आपल्या मुंबईत परळला १९६३ पासून रेडिएशन मेडिसिन सेंटर याच विद्येवर उभं आहे.

आपण प्रोजेक्टचा डेटा पासवर्ड लावून ठेवतो, सीनियर गेला की तोही गेला. मला वाटतं, ज्ञानालाही अर्धायुष्य असतं. वेळेत दुसऱ्याच्या हाती दिलं, तरच ते कुणाच्या तरी उपयोगी पडतं. पटतंय ना?