जात टाकलेले टिळक

टिळक म्हटले की आपल्या वाचकाला केसरीकार आठवतात आणि बहुजनांचे त्यांच्याशी असलेले भांडणही आठवते. पण त्याच चित्पावन जातीत, कोकणातील करजगावी, ६ डिसेंबर १८६१ रोजी आणखी एक टिळक जन्मले. नारायण वामन टिळक. (ही तारीख आपल्या काळजात वेगळ्या कारणाने कोरलेली आहे. हा निव्वळ योगायोग.) फुलामुलांचे कवी म्हणून शाळेच्या पुस्तकांनी त्यांना सांभाळले, त्यांची बंडखोरी मात्र बाजूला ठेवली.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही भारतीय पाळकाच्या हातून. गोऱ्या साहेबाच्या हाताचा मान त्यांना नको होता. नातलगांनी तोंड फिरवले. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. पुढे नवऱ्याकडे आल्या तरी स्वयंपाक आणि पाणी वेगळेच ठेवत. टिळकांनी सक्ती केली नाही. बाईंनी स्वतः विचार करून सोवळे सोडले, जात सोडली, आणि त्यानंतर १९०० साली बाप्तिस्मा घेतला. आधी जात सुटली, मग धर्म बदलला. हा क्रम आपण नीट लक्षात घ्यावा असा आहे.

माळशेज घाट चढून मढ, ओतूर, आळेफाटा करत रस्ता पुढे नगरला जातो. त्या अहमदनगरात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, टिळक अमेरिकन मराठी मिशनचे काम करू लागले. तिथली ख्रिस्ती मंडळी बहुतांशी महार-मांग समाजातून आलेली होती. चित्पावन माणसाने त्यांच्यात राहायचे, जेवायचे, त्यांना भाऊ म्हणायचे, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. तरी एक बोलायलाच हवे. ख्रिस्ती झालेल्या एका ब्राह्मणाचे नाव इतिहासाला माहीत आहे, त्याच्या आधी त्याच मंडळीत आलेल्या हजारो महार-मांगांची नावे कोणी लिहिली?

विलायती पद्धतीची भजने आपल्या माणसांच्या तोंडी बसत नाहीत हे ओळखून त्यांनी अभंग रचले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते मानत. मिशनच्या कारभारातला गोरा-काळा भेद मात्र त्यांना सलत राहिला. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, पगारावर पाणी सोडले आणि साताऱ्याला जाऊन देवाचा दरबार उभा केला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही तिथे सारखी जागा होती. पंथांची कुंपणे मोडून बंधुभाव उभा करायचा होता. चर्चमधल्या अनेकांना हे रुचले नाही.

दरबार टिकला नाही, कारण तो एका माणसाच्या जिवावर उभा होता. चर्चमधली जातही गेली नाही. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूरला ख्रिस्ती बांधवांसमोर बाबासाहेबांनी बुद्धाबरोबर ख्रिस्ताचाही आदराने उल्लेख केला, पण दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात शिल्लक आहे आणि ख्रिस्ती समाज अन्यायाविरुद्ध लढत नाही, हेही स्पष्ट सुनावले. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ ला शीख आणि १९९० ला बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. म्हणजे ज्या वस्तीत एक भाऊ बौद्ध आणि एक ख्रिस्ती, तिथे कागदाने दोघांत भिंत घातली. ती भिंत आपल्या मनातही आहे का, हे ज्याने त्याने तपासावे.

९ मे १९१९ रोजी टिळक मुंबईत वारले. ख्रिस्तायन हे त्यांचे महाकाव्य अर्धवट राहिले होते. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले.