जेमतेम पास झालेला प्रबंध, १९ वर्षांनी नोबेल आणि आज तुमच्या मोबाईलची बॅटरी

मोबाईल चार्जिंगला लावला की बॅटरीत लिथियमचे आयन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला लागतात. त्यांना वाट देतं ते मधलं क्षाराचं द्रावण, म्हणजे इलेक्ट्रोलाइट. अशा द्रावणातून वीज जाते कशी, हे कोडं सोडवणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच्याच विद्यापीठाने जेमतेम पास केलं होतं. त्याचं नाव स्वान्ते अऱ्हेनियस.

जन्म १८५९ चा, स्वीडनमधल्या उप्सालाजवळचा. शिक्षणही उप्साला विद्यापीठातच. पण तिथल्या प्राध्यापकांशी काही जमेना. शेवटी १८८१ मध्ये त्याने स्टॉकहोम गाठलं आणि एरिक एडलुंड यांच्या प्रयोगशाळेत काम सुरू केलं. क्षार पाण्यात विरघळवायचे, द्रावण पातळ करत जायचं आणि त्यातून वीज किती वाहते ते मोजायचं.

कोरड्या मिठातून वीज वाहत नाही. शुद्ध पाण्यातूनही जवळपास नाहीच. मग दोन्ही एकत्र आल्यावर कशी वाहते? तेव्हा समज असा होता की, वीज सोडल्यावर क्षाराचे विद्युतभारित तुकडे, म्हणजे आयन, तयार होतात. अऱ्हेनियसच्या मोजमापांतून वेगळंच दिसत होतं. क्षार विरघळला की वीज सोडण्याआधीच त्याचे आयन सुटे होतात.

१८८४ मध्ये त्याने उप्सालात दीडशे पानांचा प्रबंध दिला. परीक्षकांना तो पटला नाही. श्रेणी इतकी खालची मिळाली की विद्यापीठात शिकवण्याची संधीही जाण्याची वेळ आली.

पण गडी थांबला नाही. त्याने प्रबंधाच्या प्रती युरोपातल्या मोठ्या शास्त्रज्ञांना पाठवल्या. रीगाहून विल्हेल्म ओस्टवाल्ड थेट त्याला भेटायला उप्सालात आले आणि नोकरी देऊ केली. वडील आजारी असल्याने तो गेला नाही. पण एवढा मोठा माणूस दारात आल्यावर उप्सालानेही त्याला अध्यापनाचं पद दिलं.

पुढे ओस्टवाल्ड, कोलराउश, बोल्ट्झमन यांच्यासोबत काम करत १८८७ मध्ये त्याने आपला सिद्धांत पूर्ण मांडला. त्याच सिद्धांतासाठी १९०३ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणारा तो पहिला स्वीडिश.

१८८९ मध्ये त्याने तापमान आणि रासायनिक क्रियेचा वेग यांचं समीकरणही मांडलं. उष्णतेने बॅटरी किती लवकर म्हातारी होईल, याचा अंदाज घ्यायला संशोधक आजही ते वापरतात.

१९२७ मध्ये अऱ्हेनियसचं निधन झालं. लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली १९९१ मध्ये. तिच्या नावातला तो 'आयन' मात्र द्रावणात सुटा असतो, हे त्या नापसंत प्रबंधाच्या वाटेवरच कळलं होतं.