सेर्गेई विनोग्राडस्की

प्राणिमात्राचें अन्न अखेर सूर्यप्रकाशापासून निर्माण होतें, असें आपण शाळेंत शिकतों. या नियमास अपवाद आहे हें ज्यांनीं प्रथम दाखविलें, त्यांचें चरित्र आम्ही आज विद्यार्थ्यांपुढें ठेवीत आहों.

सेर्गेई विनोग्राडस्की यांचा जन्म १८५६ सालीं कीव्ह शहरीं झाला. तरुणपणीं त्यांचें चित्त स्थिर नव्हतें. संगीतशाळेंत पियानो शिकूं लागले, तोहि सोडला. शेवटीं सृष्टिशास्त्रांत त्यांस समाधान लाभलें. १८८५ सालीं ते स्ट्रासबर्ग येथें आंतोन द बारी यांजकडे गेले. भिन्न जातींच्या जीवांच्या एकत्र राहण्यास ‘सहजीवन’ या अर्थाचें शास्त्रीय नांव याच गुरूंनीं १८७९ सालीं रूढ केलें होतें.

तेथें विनोग्राडस्कींनीं बेग्गियाटोआ नांवाचा तंतुमय सूक्ष्मजंतु अभ्यासास घेतला. हा जंतु सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या पाण्यांत वाढतो, व त्याच्या शरीरांत गंधकाचे कण दिसतात. तें पाणी मिळालें कीं कण वाढत. न मिळालें कीं कण नाहींसे होऊन जंतूची उपासमार होई. यावरून १८८७ सालीं त्यांनीं ठरविलें कीं, आपण अन्नापासून शक्ति मिळवितों, तशी हे जंतु गंधकापासून मिळवितात. पुढें झूरिक येथें मातींतील कांहीं जंतु प्रकाशावांचूनहि कार्बनवायूपासून आपलें शरीर बांधितात, हेंहि त्यांनीं सिद्ध केलें.

रशियन राज्यक्रांतीनंतर घरदार गमावून त्यांस देशत्याग करावा लागला. इतर माणसें जेव्हां विश्रांति शोधितात, त्या वयांत, १९२२ सालीं, त्यांनीं फ्रान्समधील पाश्चर संस्थेच्या आश्रयानें नव्यानें कार्य आरंभिलें. १९५३ सालीं त्यांचा अंत झाला.

त्यानंतर चोवीस वर्षांनीं, १९७७ सालीं, गालापागोस बेटांजवळ सुमारें २,५०० मीटर खोल समुद्रतळाशीं, उष्ण झऱ्यांभोंवतीं जीवसृष्टि आढळली. तेथील नळींत राहणारे कृमि माणसाहूनहि लांब वाढत. परंतु त्यांस ना तोंड, ना आंतडें! हे जगतात कसे? १९८१ सालीं कॉलीन कॅव्हनॉ या हार्वर्डच्या विद्यार्थिनीनें व इतर संशोधकांनीं उलगडा केला. कृमींच्या शरीरांत असंख्य जंतु वसतात. कृमि आपल्या तांबड्या तुऱ्यानें प्राणवायु व गंधकवायु शोषून रक्तावाटे त्यांस पोंचवितो. जंतु त्यांच्या बळावर अन्न तयार करून यजमानास पोसतात. गुरूंचें सहजीवन व शिष्याचें गंधकजीवन हीं दोन्ही त्या एका प्राण्यांत एकत्र आलीं होतीं.

विनोग्राडस्कींच्या दृष्टीस हा कृमि कधीं पडला नाहीं. पेरणारा एक व कापणारा दुसरा, हा नियम विद्येच्या शेतांतहि चालतो. ज्या डबक्याजवळून आपण नाक धरून जातों, तेथें हा पुरुष थांबला व निष्ठेनें पाहत राहिला. जेथें सूर्यकिरण पोंचत नाहीं तेथेंहि विधात्यानें आपल्या लेंकरांचें ताट वाढून ठेविलें आहे, हें त्या निष्ठेमुळेंच आम्हांस कळलें. आमच्या विद्यार्थ्यांनीं क्षुद्र वाटणाऱ्या वस्तूकडेहि आदरानें पाहावें, एवढीच आमची इच्छा आहे.