बुलेट ट्रेन बनवली, पण उद्घाटनाचं आमंत्रणच आलं नाही!

१९५१ मध्ये जपानच्या साकुरागिचो स्टेशनात लोकलला आग लागून शंभराहून जास्त माणसं गेली. त्यानंतर रेल्वेतले बडे इंजिनिअर हिदेओ शिमा यांनी नोकरी सोडली. १९५५ मध्ये रेल्वेचे नवे अध्यक्ष शिंजी सोगो यांनी त्यांना परत आणलं. काम होतं टोकियो ते ओसाका सुसाट गाडी पळवण्याचं.

पण जुने रूळ १०६७ मिलिमीटर गेजचे, वळणावळणाचे, त्यात जागोजागी फाटकं. त्यांवर वेग वाढवणं म्हणजे पुन्हा अपघात. शिमांनी जुन्याला हातच लावला नाही. १४३५ मिलिमीटरचा वेगळा मार्ग, वळणं मोठ्या घेराची, फाटक एकही नाही. जड इंजिन रुळांची वाट लावतं, म्हणून मोटारी डब्याडब्यात वाटल्या. ताशी २१० किलोमीटरला बाहेरचा सिग्नल दिसणार कसा? तो थेट ड्रायव्हरच्या केबिनमध्येच आणला. यातलं बरंचसं तंत्र तसं आधीचंच. करामत होती ती सगळं जुळवण्यात.

खर्च मात्र अंदाजाच्या जवळपास दुप्पट झाला. १९६३ मध्ये सोगोंना पायउतार व्हावं लागलं, पाठोपाठ शिमांनीही राजीनामा दिला. १ ऑक्टोबर १९६४ ला पहिली शिंकानसेन सुटली, तेव्हा शिमा घरी टीव्हीसमोर होते. या गाड्यांची टक्कर होऊन किंवा त्या घसरून आजवर एकही प्रवासी दगावलेला नाही.

१९६९ मध्ये त्याच शिमांना सरकारनं नव्या अंतराळ संस्थेचं अध्यक्ष केलं. १९९८ मध्ये त्यांचं निधन झालं.