एक्स्प्लेनर : मुंबईत विजेची ट्राम आली अन् वेधशाळा थेट अलिबागला का गेली? कोण होते नानाभाई मूस?

हमरापूर, पेण, वडखळ करत अलिबागच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या अनेकांनी तिथल्या चुंबकीय वेधशाळेची पाटी पाहिली असेल. ही वेधशाळा मूळची अलिबागची नाही. ती इथे आली नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस या पारशी शास्त्रज्ञाच्या काळात.

मूस यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ चा. पुण्यात अभियांत्रिकी आणि नंतर एडिंबरोत विज्ञान, असं त्यांचं शिक्षण. १८९६ मध्ये ते मुंबईच्या कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

ट्रामची अडचण काय होती?

कुलाब्यात १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत घोड्यांऐवजी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामची वीज रुळांतून परत जाते, पण थोडी जमिनीतही पसरते. त्यातून तयार होणारं चुंबकीय क्षेत्र वेधशाळेच्या नाजूक उपकरणांना चकवणार होतं. शहराला ट्राम हवी होती, ती काही थांबणार नव्हती. म्हणून वेधशाळेनेच जागा बदलायची, असं ठरलं.

पण जागा बदलली की आकडेही बदलतात. मग साठ वर्षांच्या नोंदींचा धागा तुटणार! मूस यांनी दोन्हीकडे काम सुरू ठेवलं. १९०४ मध्ये अलिबागला नोंदी सुरू झाल्या आणि १९०६ पर्यंत कुलाबाही चालू राहिलं. दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून फरक काढता आला. मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली ती १९०७ मध्ये.

इमारतीचं काम तर याहून अवघड. रायगडात घराच्या जोत्यापासून विहिरीपर्यंत सगळीकडे काळा दगड, पण त्यात लोहखनिज असतं. म्हणजे जवळचा, स्वस्त दगड बाद. चुंबकीय गुण तपासून पोरबंदरचा दगड आणला गेला. बिजागऱ्या, खिळे लोखंडाचे नकोत, तांब्या-पितळेचेच हवेत. आतलं तापमानही दिवसभर जवळपास सारखं राहायला हवं, म्हणून भिंती दुहेरी. भौतिकशास्त्राची गरज, दगडाची पारख आणि गवंड्याचं कसब, यातलं एक जरी चुकलं असतं तरी उपकरणं निरुपयोगी ठरली असती. मूस स्वतः अभियांत्रिकी शिकलेले होते, याचा इथे नक्कीच उपयोग झाला असणार.

पुढे काय झालं?

१८४६ ते १९०५ या काळातील नोंदी आणि त्यांची चर्चा मूस यांनी १९१० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केली. १९१९ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९३६ मध्ये त्यांचं निधन झालं.

कुलाब्याच्या जुन्या वह्यांना २००३ मध्ये पुन्हा भाव आला. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरील प्रचंड उद्रेकानंतर पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं होतं. त्याची तीव्रता अमेरिका, ब्राझील आणि भारतातील शास्त्रज्ञांनी मिळून कुलाब्याच्या नोंदींवरून काढली. चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरल्याचं त्यात दिसलं. असं वादळ आज आलं तर उपग्रह आणि वीजपुरवठ्याचं काय होईल, या अभ्यासात हा आकडा वापरला जातो. ती नोंद झाली, तेव्हा मूस यांच्या जन्माला आठ आठवडे अवकाश होता.