जुन्या ऑस्टिनचा शिष्य

वेगवान मोटारींच्या जगात ‘मॅक्लारेन’ हे नाव वैभवाचे मानले जाते. मात्र त्याचा उगम एका जुन्या, छोट्याशा मोटारीत आहे.

ब्रूस मॅक्लारेन यांचा जन्म ३० ऑगस्ट १९३७ रोजी न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे झाला. नवव्या वर्षी त्यांना खुब्याचा पर्थेस हा विकार जडला. दोन वर्षे अंथरुणाला खिळून गेली आणि डावा पाय कायमचा आखूड राहिला. वडिलांचे गॅरेज होते. त्यांनी १९२९ सालची ‘ऑस्टिन सेव्हन अल्स्टर’ जुन्या बाजारभावाने घेतली. जेमतेम ७४७ सीसी इंजिनाची ही गाडी पिता-पुत्रांनी दुरुस्त केली, तिला अधिक वेगवान बनवले. १९५२ मध्ये ब्रूस तीच घेऊन घाटाच्या शर्यतीत उतरले. गाडी चालवण्याचा आनंद आणि तिचे अंतरंग जाणण्याची ओढ, दोन्ही त्यांना एकदमच लाभले.

१९५९ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी अमेरिकन ग्रां प्री जिंकली. १९६३ मध्ये स्वतःचा संघ स्थापन केला आणि १९६८ मध्ये स्वतःच्या नावाच्या मोटारीतून बेल्जियन ग्रां प्री जिंकली. यशानंतरही नव्या गाडीची चाचणी ते स्वतः घेत. २ जून १९७० रोजी इंग्लंडमधील गुडवूड येथे अशाच चाचणीत गाडीचा मागील पत्रा निखळला आणि बत्तिसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. ज्या ध्यासाने त्यांना घडवले, त्यानेच त्यांचा बळी घेतला. ती छोटी ऑस्टिन मात्र मॅक्लारेन कंपनीने जपून ठेवली.